हिरव्या यादीतलं घर

पाचूबंदरात माणसं मोजायची तर जूनसारखा महिना नाही. एक तारखेपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली जातात, आणि एरवी आठ-आठ दिवस दर्यावर असणारे पुरुष ओट्याओट्यांवर जाळी सांधत, चहा ढोसत, एकमेकांच्या खोड्या काढत बसलेले सापडतात. एका दाराला कुलूप म्हणून दिसत नाही. म्हणून 'किनारसाथ' नावाच्या संस्थेने गावाचा आपत्ती आराखडा करायला घेतला, तेव्हा रोझलीननेच सल्ला दिला, "सर, जूनचा पहिला आठवडा घ्या. सगळी माणसं घरात भेटतील."

सल्ला चांगलाच होता. संस्थेच्या संग्राम सरांनी तो मानला आणि वर शाबासकीही दिली. त्या शाबासकीची रोझलीनला पुढे इतकी शिसारी आली, की आठवण निघाली तरी ती उठून आत जायची.

रोझलीन गावची आशा सेविका. वय सत्तेचाळीस, त्यातली चौदा वर्षं याच कामात. वरच्या माणसांना गावात काही करून घ्यायचं सुचलं, की ते आशांच्या गळ्यात पडतं. गरोदर बायांच्या नोंदी आशाने घ्यायच्या, डासांच्या अळ्या आशाने शोधायच्या, कुणी क्षयाच्या गोळ्या थुंकून टाकतो का तेही आशानेच बघायचं. त्यात आपत्तीची भर पडली तर तिला नवल वाटलं नाही. उलट या कामात तिचा जीव रमला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला फक्त आकडे न मागता समोर बसवून विचार करायला लावत होतं.

संग्राम सर साताऱ्याकडचे, तिशीचे, मनाने सरळ. चर्चच्या शाळेच्या सभागृहात त्यांनी तिला आणि शेजारच्या गावांतल्या आणखी चौघींना तीन रंग शिकवले. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, गरोदर बाई आहे किंवा एकटं म्हातारं आहे, आणि उचलून न्यायला घरात कुणी नाही, ते घर लाल. उचलायला एकच धडधाकट माणूस असेल तर पिवळं. दोन किंवा जास्त असतील तर हिरवं. पाणी भरलं की गाडी आधी लाल घरांकडे जाईल, मग पिवळ्या. हिरव्यांनी आपलं आपण शाळेत यायचं.

"गाव मोठं, गाडी एकच," संग्राम सर म्हणाले. "सगळ्यांना एकदम वाचवता येत नाही. म्हणून आधी कोण, हे शांत डोक्याने आजच ठरवायचं. त्या दिवशी डोकं शांत नसतं."

रोझलीनला हे फार पटलं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं.

तिच्या वाट्याला दोनशे बारा घरं आली. सहा दिवसांत तिने ती पिंजून काढली. लाल निघाली एकोणीस, पिवळी एक्केचाळीस, बाकी सगळी हिरवी. हिरवी का नसतील? घरात बाप, दोन मुलगे, एखादा पुतण्या, सगळे खांदे तेलकट करून बसलेले. शेवटच्या दिवशी ती आपल्या माहेरी गेली. माहेर म्हणजे चार गल्ल्या सोडून, अगदी किनाऱ्याला लागून.

तिथे तिचा धाकटा भाऊ डेरिक, त्याची बायको जीना, आणि रॉबर्ट, युजीन ही दोन तरणीताठी मुलं. बाप आणि दोन्ही मुलगे एकाच होडीवर. आणि आतल्या खोलीत खाटेवर आई. फेब्रुवारीत आई अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशी, साखर वाढलेली, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. तेव्हापासून ती खाटेवर होती, पण जीभ अजून गावभर हिंडत होती.

"डेरिक, आई खाटेवर हाय," रोझलीन फॉर्म मांडीवर घेऊन म्हणाली. "मना विचार पडलाय, कुठला रंग लिहू."

डेरिक जाळं बाजूला सारून उठला, आत गेला आणि आईला दोन्ही हातांवर उचलून ओट्यावर घेऊन आला. आई त्याच्या दंडावर चापट्या मारत होती. "ठेव रं मेल्या, लाज सोडलीस काय, सगला गाव बघते."

"हिला न्यायला तुजी गाडी कशाला पायजे?" डेरिक म्हणाला. "आमी तीन गडी हाव घरात. मी थकलो तं रॉबर्ट, तो थकला तं युजीन."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेजारचे प्लासिडकाका बिडी ओढत बसले होते. सत्तरी गाठली, दर्यावर जाणं सोडलं, आता होड्या किनाऱ्यावर ओढायचा ट्रॅक्टर चालवायचे. आपत्तीची जी एकच गाडी ती हीच, मागे ट्रॉली लावलेली. काका हसले. "लिव, लिव, आपल्या आईला लाल लिव. लस टोचताना पन तू तिला रांगेतून पुडं काढला व्हतास."

ते मस्करीत बोलले. पण रोझलीनला ते जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. करोनाच्या पहिल्या लशीच्या वेळी तिने आईला मागच्या दाराने आत नेलं होतं. त्या दिवशी ऑगस्टीन नावाचा एकटा राहणारा म्हातारा चार तास उन्हात उभा राहून लस न मिळता परत गेला. गाव वर्षभर ते विसरलं नाही आणि रोझलीन तर कधीच नाही.

तिने नियम पुन्हा वाचला. उचलायला दोन किंवा जास्त. इथे तीन होते, समोर उभे होते, आणि त्यातल्या एकाच्या हातांवर आई बसलेली होती. तिने हिरव्या रकान्यात खूण केली. खोटं काहीच लिहिलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल की या बाईला साधं कसं कळलं नाही. ऑगस्टपासून मेपर्यंत हे तीन गडी घरात नसतात, हे तिला कळत नव्हतं असं नाही. बाप दर्यावर असताना वाढलेली मुलगी ती. पण आराखड्यावर 'पावसाळा' लिहिलेलं होतं, आणि पाणी भरतं ते जुलैत, तेव्हा गडी घरीच असतात. वादळाचं म्हणाल, तर कोळ्यांच्या गावात वादळाची भीती ही दर्यावर गेलेल्यांसाठी ठेवलेली असते. वारा फिरला की बाया क्रुसापुढे मेणबत्त्या लावतात त्या होड्यांसाठी. घरी राहिलेल्यांसाठीही कधी मेणबत्ती लावायची असते, हे या गावात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. फॉर्म भरताना दोनशे बारा घरांतल्या एकाही माणसाने तिला म्हटलं नाही, की बाय, आमी गेल्यावर काय? तिने स्वतःलाही म्हटलं नाही.

सप्टेंबर संपता संपता ते वादळ आलं. पाऊस जवळजवळ आवरला होता. नारळी पौर्णिमा होऊन होड्या जाऊन महिना उलटला होता. समुद्रात काहीतरी तयार होतंय, होड्यांनी जवळचं बंदर गाठावं, असा निरोप दोन दिवस आधी वायरलेसवर गेला. गावाचा जीव टांगणीला लागला. जीना दिवसातून दहा वेळा रोझलीनला फोन करी, आणि प्रत्येक वेळी आई मागून ओरडे, "होडीचा इचार, होडीचा."

वादळाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कळलं, की डेरिकची होडी वर गुजरातच्या बाजूला एका बंदरात लागली आहे आणि तिघेही सुखरूप आहेत. हळूहळू सगळ्या होड्यांचा पत्ता लागला. पाचूबंदरचा एकही माणूस पाण्यावर उरला नाही. बायांनी डोळे पुसले, क्रुसापुढच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझल्या त्या कुणी परत लावल्या नाहीत, आणि सगळ्या घरी येऊन चुलीला लागल्या. आईने तर जीनाला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी करायला सांगितली. संकट टळलं होतं ना.

दुपारी पावणेएकची भरती होती, उधाणाची. त्यावर वारा सरळ समुद्राकडून गावावर. अकराच्या सुमाराला पहिल्या ओळीतल्या घरांच्या मागच्या भिंतींना लाटा लागल्या.

रोझलीन शाळेत यादी घेऊन बसली. संग्राम सर राजोडीला अडकले होते, तिथे झाडं पडून रस्ता बंद झाला होता. पण त्यांचा फोन चालू होता. ट्रॅक्टरवर प्लासिडकाका आणि शाळेचे दोन शिपाई. यादीप्रमाणे लाल घरं निघू लागली. पहिल्या तासात सतरा घरं झाली. एकेक माणूस ट्रॉलीतून उतरे, रोझलीन नावापुढे खूण करी, कुणाला चादर, कुणाला गरम पाणी. तिचा आवाजसुद्धा चढला नाही. यादीने काम केलं होतं. शांत डोक्याने ठरवलेलं भर वादळात कामाला येतं, हे ती डोळ्यांनी बघत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमान वाटत होता.

बारा वाजून पाच मिनिटांनी जीनाचा फोन आला.

"बाय, पानी ओट्यावर चडला. आईला मी एकटी कशी उचलू? मगाशी बघितला उचलून, माजी कंबर गेली, तिचा पाय हलला तशी ती केवड्याने ओरडली."

"शेजारी कोन हाय?"

"कोन असनार? सगल्यांचे गडी दर्यावर. रंभाकाकू हाय, तिला तिचाच जीव जड झालाय."

रोझलीनने यादीकडे बघितलं. माहेरच्या घरापुढे तिच्याच अक्षरात हिरवी खूण होती. पिवळ्या घरांकडे अजून पाणी पोचलं नव्हतं. लाल दोन घरं बाकी होती. एक ऑगस्टीनचं, पार खाडीच्या टोकाला. दुसरं प्रिन्सीचं, त्याच्याही पुढे, आठवा महिना, नवरा वर्षभर आखातात नोकरीला, सासू आंधळी.

"ऐक जीना. दोन लाल राहिलीत. ती झाली की ट्रॅक्टर तुज्याकडंच. पंधरा मिनटा, फार तर वीस. तवर दार लाव आतून, खाली फटीत गोधड्या कोंब, म्हंजे पानी आत येनार नाय. आईला सांग, गाडी पाठवते."

"बरा," जीना म्हणाली. तिने फोन ठेवला.

प्लासिडकाका दारातच उभे होते, अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "रोझलीन, तुज्या आईचा घर वाटेवर हाय. तिला उचलतो नि मंग खाडीवर जातो. पाच मिनटाचा काम."

"नाय काका. आधी लाल."

"अगं मी त्या दिशी मस्करी केल्ती."

"तुमच्या मस्करीचा नाय हो काका. यादी सगल्यांची हाय. आपली मानसा आधी काढायची असती तं यादी कशाला केली?" आणि मग, काका हलेनात तशी, ती म्हणाली, "ऑगस्टीन एकटा हाय. त्याच्याजवल कोन नाय."

ती हे खरंच नियमासाठी बोलली की चार वर्षांपूर्वीच्या उन्हातल्या म्हाताऱ्यासाठी, की गाव काय म्हणेल म्हणून? ही गोष्ट माझ्या तोंडून येतेय म्हणून मी तिच्या बाजूने बोलेन असं तुम्हाला वाटत असेल, पण मलाही ते सांगता येत नाही. तिन्ही असेल. काका वळले आणि ट्रॅक्टर खाडीकडे गेला.

ऑगस्टीनच्या दाराला कुलूप होतं. तो दोन दिवसांपूर्वीच सांडोरला, आपल्या मुलीच्या वाडीवर जाऊन राहिला होता. कुणाला सांगायचं असतं, हे त्याला कुठे माहीत? काकांनी दार ठोठावलं, खिडकीची काच फोडून आत हाका मारल्या. मग एक शिपाई आत उतरून सगळं बघून आला. यात बारा मिनिटं गेली. तिथून पुढे जाताना चाक ओल्या रेतीत रुतलं. फळ्या घालून ते काढेपर्यंत आणखी वीस. प्रिन्सी आणि तिची सासू पोटमाळ्यावर चढून बसल्या होत्या. त्यांना सांभाळून उतरवायला वेळ लागणारच होता. एव्हाना किनाऱ्याची वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून परतताना काका मागच्या रस्त्याने वळसा घालून आले. त्या दोघी शाळेत आल्या तेव्हा घड्याळात एक वाजला होता.

त्या पंचावन्न मिनिटांत रोझलीनने जीनाला तीनदा फोन लावला. तो लागला नाही. ती दोनदा उठून दारापर्यंत गेली. माहेर अर्ध्या किलोमीटरवर होतं. पण सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, एका म्हाताऱ्याला धाप लागली होती, आणि फोन सारखा वाजत होता. दोन्ही वेळा ती परत येऊन खुर्चीवर बसली.

पाण्यातून वाट काढत एक वीसला ट्रॅक्टर माहेरच्या गल्लीत शिरला.

खोलीत छातीएवढं पाणी होतं. खाट बुडाली होती. जीना आईच्या पाठीशी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हातांनी तिच्या काखेत धरून तिचं डोकं पाण्यावर ठेवत होती. हात इतके आखडले होते, की काकांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शाळेत आणलं तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते. रोझलीन धावत ट्रॉलीपाशी गेली. आईने डोळे उघडले आणि विचारलं, "होडीचा परत काय कलला?"

"बरी हाय आये. तिघे पन बरे हाय."

"मंग बरा," आई म्हणाली.

पाणी छातीत गेलं होतं. वसईच्या रुग्णालयात आई तीन दिवस काढून गेली. डेरिक आणि मुलं दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने, रस्त्याने पोचली. त्या तीन दिवसांत आई फार बोलली नाही, नाकावर नळी होती. एकदाच रोझलीन एकटी असताना तिने नळी बाजूला केली.

"प्रिन्सी?"

"बरी हाय. पोटातला पन बरा हाय."

"ऑगस्टीन?"

रोझलीनने आईची चादर सारखी केली. मग ती म्हणाली, "तो घरात नव्हता आये. सांडोरला व्हता, पोरीकडं."

आईने थोडा वेळ छताकडे बघितलं. तिला हिशेब कळला, हे रोझलीनला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "बेस केला त्याने," आई म्हणाली, आणि नळी पुन्हा नाकाला लावून घेतली.

दफनाला सगळा गाव होता. कबरीवर मूठमूठ माती टाकून लोक निघाले, तेव्हा डेरिक बहिणीजवळ आला. तो ओरडला असता, तिच्या अंगावर धावून गेला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "जीनाने फोन केलता किती वाजता?"

"बारा पाच."

"नि गाडी गेली कवा?"

"एक वीस."

तो मान हलवून निघून गेला. तेव्हापासून तो तिला बाय म्हणेनासा झाला. समोर आली तर बाजूला बघायचा.

दहा-बारा दिवसांनी संग्राम सर रोझलीनच्या घरी आले. पिशवीत अहवालाचा मसुदा होता, त्यावर गावच्या सेविकेची सही लागायची. त्यांनी तो काढून तिच्यापुढे ठेवायलाच बराच वेळ लावला. लाल घरं एकोणीस, सुरक्षित एकोणीस. पिवळी, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. हिरवी, स्वतःहून स्थलांतरित. जीवितहानी, निरंक.

"रुग्णालयाच्या कागदावर न्यूमोनिया आणि वार्धक्य लिहिलंय," संग्राम सर खाली बघत म्हणाले. "मला निरंक खोडायचंय, ताई. मी खोडणारच आहे. पण आजींचं नाव घालू कुठे? हिरव्या घरांपुढे मृत्यूचा रकानाच ठेवला नव्हता आपण."

"नव्हता," रोझलीन म्हणाली.

"चूक माझी आहे. जूनमध्ये मोजलेली माणसं सप्टेंबरला घरात असतील असं मी धरलं. मला समुद्रातलं कळत नाही."

"मला कळतं ना, सर."

त्यांनी मसुद्याची पानं सारखी केली. मग, तिला धीर द्यावा म्हणूनच असेल, पण ते म्हणाले, "तुम्ही मला एक फोन करायला हवा होता. मी सांगितलं असतं, आधी आजींना घ्या. यादी बदलता येते, ताई. परिस्थिती बदलली की बदलायचीच असते. ती त्यासाठीच पेन्सिलने लिहितात."

रोझलीनची शाईने लिहिलेली होती. तिने सही केली नाही. सर गेल्यावर मसुदा घरात तसाच ठेवून ती माहेरी निघाली.

खरं तर ती एका गोष्टीच्या आधारावर इतके दिवस जगत होती, आणि ती गोष्ट तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. तिने जीनाला सांगितलं होतं, दार लाव, फटीत गोधड्या कोंब. शेजारच्या रंभाकाकूंनी तेच केलं होतं आणि त्यांच्या घरात पाणी गुडघ्याच्या वर चढलं नाही. दोन्ही घरांची जमीन एका पातळीवर, दारं सारखी, मधली भिंत एकच. मग इथे छातीएवढं कसं झालं? जीनाने दार लावलं नसणार. घाबरली असेल, विसरली असेल. म्हणजे सगळं काही रोझलीनच्या एकटीच्या माथी नव्हतं. थोडा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर होता. हे मनात आणणं हलकटपणाचं आहे, हे तिला कळत होतं. तरीही बुडणारं माणूस जे हाताला लागेल ते धरतं, तसं तिने ते धरून ठेवलं होतं.

डेरिक आणि मुलं होडीवर गेली होती. जीना मागच्या पडवीत वाळलेली गोधडी घडी घालत होती. भिंतींवर पाण्याची खूण होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. नणंद आली तशी जीनाने पाट दिला, पाणी आणून ठेवलं. राग नाही, रुसवा नाही. रोझलीनला वाटलं, निघून जावं. पण ती बसली.

"जीना, एक विचारू? राग मानू नको. मी तुला दार लावायला सांगितला व्हता."

"हो."

"मंग लावला नाय का?"

जीनाने गोधडी खाली ठेवली. "लावला व्हता. गोधड्या पन कोंबल्या. मंग आईनेच उघडायला लावला."

"आईने?"

"मी तिला सांगितला, बाय गाडी पाठवते. तशी म्हनाली, दार उघड. बंद दिसला तं त्यांना वाटल घरात कोन नाय, नि ती मानसा माघारी जातील. आतली बत्ती लाव, दार सताड उघडा ठेव. मी दोनदा लावाया गेले, बाय. दोनदा ओरडली माज्यावर. म्हनाली, माजी पोर बोलली म्हंजे येनार. लस टोचाया पन तीच घेऊन गेल्ती मना."

रोझलीनने पाण्याचा पेला हातात घेतला होता. तो तिला खाली ठेवता येईना. "किती वेळ वाट बघितली तिनं?"

"पानी खाटेच्या गादीला लागला तवर." जीनाने गोधडी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. "मंग तिनं दाराकडची नजर काढली. नि मना म्हनाली, जीना, आता लाव दार. मी गेले लावाया, पन तवा पान्याच्या जोराने ते हलना."